यंत्राचे उत्तर आणि मुलाचे ‘कशावरून?’
(ग्रामीण प्राथमिक शिक्षकांसाठी जुना जालना येथील व्याख्यान)



मूल शाळेत प्रथम येते तेव्हा त्याच्याजवळ पाटी असते, दप्तर असते, आणि या दोहोंहून मोलाची अशी आणखी एक वस्तू असते. ती म्हणजे त्याचा प्रश्न. पाऊस वरूनच का पडतो, बैलाला शिंगे कशासाठी, गुरुजींना कोणी शिकविले, असे प्रश्न पहिलीच्या वर्गात दिवसभर उमटत असतात. सातवीच्या वर्गात ते क्वचितच कानी पडतात. मधल्या वर्षांत मुलाने उत्तरे पुष्कळ जमविली, परंतु विचारण्याची सवय वाटेत कोठेतरी गळून पडली, ही खंत अनेक अनुभवी शिक्षक बोलून दाखवितात. आता उत्तरे पुरविणारे एक नवे यंत्र गावोगाव पोहोचले आहे. त्याच्या योगाने ही हानी वाढेल की भरून निघेल, हे यंत्र बनविणाऱ्यांच्या हाती फारसे नाही. ते वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाच्या हाती आहे. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हाच आहे.

‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव कानाला नवे वाटले, तरी त्याचे मूळ इंग्रजी नाव १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात भरलेल्या शास्त्रज्ञांच्या बैठकीपासून रूढ झाले. ते सुचविणाऱ्या गणितज्ञाचे नाव जॉन मॅकार्थी. सामान्य माणसाला या विद्येशी थेट संभाषण करता येऊ लागले ते मात्र पुष्कळ उशिरा, म्हणजे ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ ही सेवा सर्वांस खुली झाली तेव्हापासून. मागोमाग तशाच इतर सेवा निघाल्या, त्या मराठीतूनही उत्तरे देऊ लागल्या, आणि शेताच्या बांधावर बसलेल्या माणसालाही मोबाइलवरून त्यांना प्रश्न विचारणे शक्य झाले. २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून इयत्ता तिसरीपासूनच्या अभ्यासक्रमात हा विषय आणण्याचा मनोदय केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केला. तेव्हा यंत्राला शाळेच्या दाराशी येऊ द्यावे की नाही, हा वाद आता उरलेला नाही. ते आत आल्यावर त्याला कोणत्या आसनावर बसवावे, एवढाच प्रश्न उरला आहे.

हा प्रश्न सोडविण्यासाठी यंत्र उत्तर कसे घडविते हे आधी समजून घेतले पाहिजे. शिक्षकाने वर्गात ‘आपला हात’ एवढे म्हटले की सारी मुले ‘जगन्नाथ’ म्हणून गर्जतात. ‘अति तेथे’ म्हटले की ‘माती’ येते. मुलांनी त्या क्षणी विचार केलेला नसतो; पुष्कळदा ऐकल्यामुळे पुढचा शब्द जिभेवर आपोआप येतो. यंत्राची रीत मुळात हीच आहे. फरक इतकाच की त्याने ऐकलेले, म्हणजे त्याच्यात भरलेले वाङ्मय अब्जावधी शब्दांचे असते. त्या साऱ्या वाङ्मयातून कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येणे संभवनीय, याचे अत्यंत सूक्ष्म गणित ते करते आणि एकेक शब्द जोडीत उत्तर तयार करते. ही रीत एवढी पुढे गेली आहे की यंत्र पत्र लिहिते, गणित सोडविते, निबंध तपासते. परंतु लिहिलेले वाक्य खरे आहे काय, हे पाहण्यासाठी ते नदीवर जात नाही, शेतात उतरत नाही, कोणा वडीलधाऱ्याला विचारीत नाही. म्हणून त्याचे खरे विधान आणि त्याचे चुकीचे विधान हे दोन्ही सारख्याच सफाईने व सारख्याच आत्मविश्वासाने येतात. जेथे मूळ वाङ्मय विपुल, तेथे ते सहसा बरोबर असते. जेथे ते तुटपुंजे, तेथे ते अंदाजाने पोकळी भरून काढते. इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर यंत्रांना थोडा मिळालेला आहे, आणि त्यातही एखाद्या तालुक्यातील एखाद्या गावाविषयीचा तर अगदीच थोडा. गावच्या शाळेला हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

मनुष्यस्वभावाची एक गोष्टही येथे लक्षात घेतली पाहिजे. १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम या शास्त्रज्ञाने अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत ‘एलायझा’ नावाचा एक संगणकीय कार्यक्रम प्रसिद्ध केला. माणसाने लिहिलेले वाक्य थोडे फिरवून त्यालाच प्रश्नरूपाने परत करणे, याहून अधिक काही तो करीत नसे. तरीही लोक त्याच्यापाशी मन मोकळे करू लागले. वायझेनबाउमच्या स्वतःच्या सचिव बाईंनी, तो कार्यक्रम घडताना पाहिलेला असूनही, त्याच्याशी बोलताना आपल्या वरिष्ठांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले. जो गोड व व्यवस्थित बोलतो त्याला समजते, असे माणूस सहज धरून चालतो. शिकल्यासवरल्या प्रौढांची ही स्थिती, तर ज्या मुलाने छापील अक्षर म्हणजे सत्य आणि गुरुजींचे वाक्य म्हणजे प्रमाण असेच आजवर मानले, त्याची काय कथा?

याचा परिणाम केवळ परीक्षेच्या गुणांपुरता राहत नाही. १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या भटक्या जमातीतील ती माणसे होती. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या काळात मोबाइलवरून पसरलेली होती. ज्यांनी ती वाचली आणि पुढे धाडली, त्यांतील अनेकांना अक्षरओळख होती. म्हणजे शाळेने त्यांना वाचावयास शिकविले होते. वाचलेल्यावर ‘हे कशावरून?’ असे विचारावयाची सवय मात्र त्यांच्या अंगी बाणली नव्हती. त्या वेळी अफवा माणसे लिहीत होती. आता न घडलेल्या घटनेचे चित्र आणि न बोललेल्या माणसाचा आवाज यंत्र क्षणार्धात तयार करू शकते. अशा काळात जे मूल शाळा सोडून जाईल, त्याला कशावरून हा एक शब्द बरोबर देणे, हे अक्षरओळखीइतकेच शाळेचे आद्य कर्तव्य ठरते.

या शब्दामागील मनोवृत्तीला चिकित्सक विचार म्हणतात. गावच्या बोलीत ‘चिकित्सा’ हा शब्द बहुधा नाराजीने वापरला जातो. ‘फार चिकित्सा करू नकोस’ असे घरोघरी मुलाला ऐकावे लागते. वस्तुतः वैद्य नाडी पाहतो, जीभ पाहतो, चार प्रश्न विचारतो आणि मग औषध देतो, तीही चिकित्साच होय. विधानाची नाडी पाहून मग ते स्वीकारणे किंवा नाकारणे, एवढाच चिकित्सक विचाराचा अर्थ आहे. त्यात उद्धटपणा नाही, अश्रद्धा नाही, आणि दुसऱ्याचे दोष काढण्याची हौस तर मुळीच नाही. ही वृत्ती परकीही नव्हे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली जांब येथे झाला. ते गाव याच जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात आहे. त्यांच्या दासबोधाचा आरंभच श्रोत्यांच्या प्रश्नाने होतो, आणि पुढेही ठिकठिकाणी श्रोत्यांच्या आशंका मांडून त्यांचे निरसन केले आहे. शास्त्रचर्चेत तर विरुद्ध बाजूचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, आधी नीट मांडल्याशिवाय स्वतःचा सिद्धान्त सांगता येत नसे. शंकेला आसन देण्याची ही जुनी रीत वर्गात पुन्हा आणावयाची आहे.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या, विचारप्रक्रियेवरील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की विचाराचा प्रारंभ अडचणीतून, संभ्रमातून होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना ड्यूई हे तेथे त्यांचे गुरू होते. ड्यूईंचे म्हणणे खरे मानले तर यंत्राचा खरा धोका कोठे आहे हे उघड होते. यंत्र चुकते हा धोका दुय्यम आहे. मुलाला अडचण वाटण्यापूर्वीच ते उत्तर देऊन टाकते, हा धोका मोठा आहे. अडचण वाटली नाही तर विचार सुरूच होत नाही. आणि मग बरोबर उत्तर मिळूनही शिक्षण होत नाही. यावरून वर्गासाठी एक साधा नियम निघतो: यंत्राचे उत्तर नेहमी मुलांच्या स्वतःच्या उत्तरानंतर यावे, आणि ते निकाल म्हणून न येता तपासणीसाठी यावे. यंत्राला गुरूच्या आसनावर न बसविता साक्षीदाराच्या जागी उभे करावे, आणि उलटतपासणी मुलांनी घ्यावी.

ही उलटतपासणी कशी घ्यावी हे जुन्या जालन्याच्याच एका उदाहरणावरून पाहता येईल. कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुना जालना आहे, दुसऱ्या तीरावर नवा जालना. तेथील कादराबाद हे नाव जुन्या लोकांच्या तोंडी आहे. परिसर अभ्यासाच्या तासाला प्रश्न घ्यावा: कुंडलिकेचे पाणी शेवटी कोठे जाते? प्रथम प्रत्येक मुलाने, यंत्राचे नाव न काढता, स्वतःला वाटते ते वहीत लिहावे. चुकले तरी चालेल, परंतु ‘मला असे का वाटते’ हे एका वाक्यात लिहिलेच पाहिजे. त्यानंतर शिक्षकाने यंत्राला विचारून आणलेले उत्तर फळ्यावर जसेच्या तसे लिहावे. येथे एक गंमत संभवते. कुंडलिका नावाची एक नदी रायगड जिल्ह्यातही आहे. ती सह्याद्रीत उगम पावून रोह्यावरून वाहत रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले असल्यामुळे यंत्राने तिचीच हकीकत जालन्याच्या कुंडलिकेला चिकटविणे अशक्य नाही. जालन्याची कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला. आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे एकाच नावाच्या दोन नद्यांचे पाणी देशाच्या दोन बाजूंच्या दोन समुद्रांत जाते.

फळ्यावरील उत्तराची मग वाक्यावाक्याने चिरफाड करावी. प्रत्येक वाक्यापुढे मुलांनी तीनपैकी एक खूण करावी: ‘ठाऊक आहे’, ‘तपासता येईल’, ‘शंका आहे’. ज्यांपुढे दुसरी व तिसरी खूण झाली, ती वाक्ये गटांमध्ये वाटून द्यावीत. एका गटाने नकाशा घ्यावा व बोटाने नदीचा मार्ग धरावा. दुसऱ्याने पावसाळ्यात पुलावरून, मोठ्या माणसांसोबत, पाण्याचा रोख पाहून दिशा नोंदवावी. तिसऱ्याने नदीकाठच्या वृद्धांना विचारावे. चौथ्याने ग्रंथ पाहावा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेला मराठी विश्वकोश आता इंटरनेटवरही वाचावयास मिळतो, आणि जालना १९८१ पूर्वी औरंगाबाद जिल्ह्याचा भाग असल्याने येथील पुष्कळ जुनी माहिती त्या जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये सापडते. अखेर प्रत्येक मुलाने स्वतःच्या शब्दांत नवे उत्तर लिहावे आणि त्याखाली ‘हे मला कशावरून कळले’ अशी एक ओळ जोडावी. स्वतःचे उत्तर, यंत्राचे उत्तर, खुणा, पडताळा आणि नवे उत्तर, अशा या पाच पायऱ्या होत. यासाठी संगणककक्ष लागत नाही, मुलाच्या हाती मोबाइल द्यावा लागत नाही, शाळेत इंटरनेट असण्याचीही आवश्यकता नाही. शिक्षकाने घरी विचारून एका कागदावर उतरवून आणलेले उत्तर पुरते.

यंत्र चुकलेच पाहिजे, असा मात्र आग्रह असू नये. पुष्कळदा त्याचे उत्तर बरोबर निघेल. तरी तास वाया गेला असे होत नाही. पूर्वी ते यंत्राचे म्हणून खरे होते. आता ते मुलांनी पडताळले म्हणून खरे झाले. चुका पकडण्यात आनंद मानणारे मूल अर्धेच शिकले. जे खरे आहे ते पुराव्यानिशी मान्य करणारे मूल पुरे शिकले.

दुसरा पाठ दंतकथेचा घ्यावा. जालना हे नाव कसे पडले, असे विचारले असता एक कथा सांगितली जाते. रामायणकाळी येथे सीतेचा निवास होता व गावाला जनकपूर म्हणत. पुढे एका सधन मुसलमान व्यापाऱ्याच्या इच्छेवरून, त्याच्या विणकरीच्या, म्हणजे ‘जुलाहा’ या व्यवसायावरून, जालना हे नाव पडले. यंत्र ही कथा सांगते तेव्हा नदीची माहिती ज्या सुरात सांगितली त्याच सुरात सांगते. मुलांनी येथे विधानांचे तीन ढीग करावेत: ज्याला पुरावा आहे ते, जे परंपरेने सांगितले जाते ते, आणि जे कोणाचे तरी मत आहे ते. दंतकथेची थट्टा करू नये. गाव स्वतःविषयी काय समजते, हे तीमधून कळते. परंतु तिला दंतकथा म्हणूनच जपावे. गावातील देऊळ, दर्गा, गढी, बारव यांविषयीच्या कथांनाही हीच कसोटी लावता येईल.

तिसरा पाठ खोट्या प्रश्नाचा आहे, आणि तो वरच्या वर्गांसाठी फार उपयुक्त आहे. ‘१९६२ साली जालना जिल्हा परिषदेचे पहिले अध्यक्ष कोण झाले?’ असा प्रश्न यंत्राला घालावा. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदा १९६१ च्या कायद्यान्वये १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या हे खरे. परंतु जालना जिल्हाच मुळी १ मे १९८१ रोजी, त्या वेळच्या औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतील प्रदेश मिळून झाला. म्हणजे प्रश्नाच्या पोटातच चूक आहे. यंत्र कधी ती चूक दाखवून देईल, तर कधी विचारणाऱ्याची मर्जी राखून एखादे नावही पुढे करील. ‘प्रश्नच तपासावा लागतो’ ही जाणीव या एका पाठाने मुलांना होते. उत्तरे पाठ करून ती कधीही होत नाही.

याच पाठाला जोडून आणखी एक प्रयोग करावा. यंत्राने बरोबर उत्तर दिले असता त्याला मुद्दाम सांगावे, ‘तुझे चुकले.’ अनेकदा ते क्षमा मागून बरोबर उत्तर सोडून देते. मुलांना याचे हसू येते. ते हसून झाल्यावर शिक्षकाने विचारावे: पुरावा कोणता बदलला? कोणताच नाही. मग उत्तर का बदलले? आणि वर्गात एखाद्या दांडग्या मुलाने आवाज चढविला म्हणून स्वतःचे बरोबर उत्तर खोडणारी मुले किती आहेत? मत पुराव्यासाठी बदलावे, दडपणासाठी बदलू नये, हा नीतिपाठ यंत्राच्या निमित्ताने मनावर चांगला ठसतो.

चौथा पाठ इतिहासाचा आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी या जिल्ह्यातील असई येथे शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजा आणि ऑर्थर वेलस्ली याच्या हाताखालील इंग्रज कंपनीची फौज यांच्यात मोठी लढाई झाली व इंग्रजांनी ती जिंकली. या लढाईचा वृत्तान्त यंत्राकडून मागवावा आणि मुलांनी त्यात शोधावे: कोणाच्या सेनानींची नावे आली आहेत, कोणाची आली नाहीत? कोणाच्या शौर्याला विशेषणे लाभली? ज्या गावकऱ्यांच्या पिकांतून घोडदळे गेली, त्यांच्याविषयी किती वाक्ये आहेत? मग तोच वृत्तान्त मराठ्यांच्या बाजूने, पुन्हा असईच्या एखाद्या शेतकऱ्याच्या बाजूने लिहावयास सांगावे आणि तिन्ही शेजारी ठेवावेत. तिसऱ्यातील बारीकसारीक तपशील यंत्राने कल्पनेने भरलेला असेल. तो पुरावा नव्हे, हेही मुलांनीच ओळखावे. ज्याच्या लेखणीतून कागद उरले, त्याच्याच डोळ्यांनी जग दिसते, आणि यंत्रात गेले ते उरलेले कागदच, हे सत्य सातवीच्या मुलालाही या तुलनेतून उमगते.

शास्त्राच्या तासाला गावचे शिवार हीच प्रयोगशाळा आहे. मोसंबीची पाने पिवळी का पडतात, असे विचारले तर यंत्र पाच-सात कारणांची यादी देते, आणि ती सर्वसामान्यपणे बरोबरही असते. परंतु शेजारच्या बागेतील याच झाडाला यांतील कोणते कारण लागू, हे त्याला दिसत नाही. मुलांनी बागेत जाऊन पाहावे: पिवळेपणा कोवळ्या पानांवर आहे की जून पानांवर? शिरा हिरव्या राहिल्या आहेत काय? बुंध्याशी पाणी साचते काय? जून पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्राची उणीव संभवते. कोवळी पाने पिवळी व शिरा हिरव्या असतील तर लोहाची संभवते. यादीतून कारण निवडण्याचे काम डोळ्यांनी होते. शहरी मुलाजवळ यंत्र अधिक चांगले असेल, परंतु पडताळा घेण्यासाठी बांध, नदी, बाजार आणि बोलकी म्हातारी माणसे ही संपत्ती गावच्या मुलाजवळ अधिक आहे. तिचा उपयोग केला नाही, तर यंत्र हे त्याचे साधन होण्याऐवजी धनी होऊन बसेल.

यंत्राचा आणखी एक चांगला उपयोग आहे. तो म्हणजे त्याला उत्तर देण्याची मनाई करणे. ‘उत्तर सांगू नकोस, मुलांना विचार करावयास लावतील असे पाच प्रश्न दे’, अशी आज्ञा दिली तर ते बरे प्रश्न सुचविते. वादसभेत त्याच्याकडून पूर्वपक्ष मांडवून घ्यावा. ‘गावात बाजाराच्या दिवशी शाळेला सुटी असावी’ असा विषय असेल, तर मुलांना जी बाजू मान्य नाही तिचा सर्वांत बळकट युक्तिवाद यंत्राकडून घ्यावा आणि उत्तरपक्ष मुलांनी करावा. चार वर्ग एकट्याने सांभाळणाऱ्या शिक्षकाला असा अथक प्रतिवादी मिळणे ही लहान सोय नव्हे.

सोयीबरोबर पथ्येही आहेत. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात वर्गात अशा यंत्रांशी स्वतंत्रपणे संभाषण करण्यासाठी किमान १३ वर्षे वयाची मर्यादा सुचविली आहे. म्हणून प्राथमिक शाळेत यंत्र शिक्षकाच्याच हाती असावे. मुलांची नावे, छायाचित्रे, घरची स्थिती, आजार यांपैकी काहीही यंत्राला सांगू नये. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानून पालकांच्या संमतीची अट घातली आहे. तसेच पाठटाचण, प्रश्नपत्रिका, प्रगतिपुस्तकावरील शेरे हे यंत्राकडून उतरवून घेण्याचा मोह शिक्षकाने आवरावा. मसुदा घेण्यास हरकत नाही. परंतु जो तपासल्याशिवाय उतरवितो त्याला मुलांना ‘तपासा’ असे सांगण्याचा अधिकार उरत नाही.

सर्वांत कठीण पथ्य शिक्षकाच्या स्वतःच्या वर्तनाचे आहे. यंत्राला ‘कशावरून?’ विचारावयास शिकलेले मूल एक दिवस तोच प्रश्न शिक्षकाला विचारील. पाठ्यपुस्तकालाही विचारील. त्या दिवशी वर्गात काय घडते यावर वर्षभराचे श्रम अवलंबून आहेत. शिक्षकाने कपाळाला आठी घातली, तर मुले समजतात की शंका यंत्राविषयी घ्यावयाची, माणसाविषयी नाही. ‘मला ठाऊक नाही, उद्यापर्यंत दोघे मिळून शोधू’ असे जो शिक्षक म्हणू शकतो, त्याचा मान वर्गात कमी होत नाही. यंत्राला ‘मला ठाऊक नाही’ हे वाक्य सहजासहजी म्हणता येत नाही. ते प्रामाणिकपणे म्हणणे हा आजच्या वर्गात शिक्षकाचा मोठा अधिकार आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानेही मुलाला भय व दडपण यांपासून मुक्त ठेवावे आणि आपले म्हणणे मोकळेपणाने मांडण्यास साहाय्य करावे, असे अभ्यासक्रमावर बंधन घातले आहे. निर्भयता नसेल तर कितीही चांगले यंत्र आणले तरी चिकित्सा रुजणार नाही.

पालकांची समजूतही घालावी लागेल. ‘पोर उलट बोलू लागले’ अशी तक्रार येईल. तेव्हा उलट बोलणे व उलट विचारणे यांतील भेद शिक्षकाने समजावून सांगावा आणि मुलांना विचारण्याची सभ्य रीतही शिकवावी: ‘आजोबा, हे तुम्हाला कोणी सांगितले?’, ‘बाई, याला पुरावा कोठे मिळेल?’ नम्र शब्दांत विचारलेला प्रश्न घरात वैर आणीत नाही. उलट मोबाइलवर आलेला एखादा फसवा निरोप किंवा खोटी बातमी अशाच एखाद्या मुलाच्या प्रश्नाने अडली, तर तक्रार करणारे आई-बापच शाळेचे आभार मानतील.

मूल्यमापनात याला जागा दिली नाही तर हे सारे शब्द हवेत विरतील. मुले तेच करतात ज्याला गुण मिळतात. म्हणून आठवड्यातून एक तास तरी असा तपासणीचा असावा. वहीच्या शेवटच्या पानांवर प्रत्येक मुलाची ‘कशावरून-वही’ चालू ठेवावी, आणि चांगल्या उत्तराप्रमाणे चांगल्या प्रश्नालाही शाबासकी द्यावी. केंद्रसंमेलनात शिक्षकांनी परस्परांना दाखवाव्यात त्या या वह्या. शाळेला भेट देणाऱ्या अधिकाऱ्यांनीही नीटनेटक्या, डाग नसलेल्या वह्यांइतकेच कौतुक, ज्यात आधीचे उत्तर खोडून त्याखाली कारण लिहिले आहे, अशा वहीचे करावे. ती खाडाखोड म्हणजे मूल विचार करीत असल्याची खूण होय.

या जिल्ह्यात गावोगावी शाळा आहेत, आणि त्या शाळांत मुलांना नावाने ओळखणारा शिक्षक असतो. कोणते मूल घाबरते, कोणते ओठांवर आलेला प्रश्न गिळून टाकते, हे त्याला दिसते. यंत्राला ते दिसत नाही. येत्या सोमवारी फळ्यावर एक उत्तर लिहावे आणि त्या गप्प बसणाऱ्या मुलाकडे वळून विचारावे, ‘तुला हे पटते का? का पटते?’ त्याला बोलावयास वेळ लागेल. शिक्षकाने तेवढे थांबावे.